खरखरवाला स्टिरिओ

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे मधेमधे कोणी तोंड वाकडं करायला नको: स्टिरिओ मी मारला. ताईच्या गाडीतला. मुद्दाम नाही हो! हातात कोल्ड कॉफीचा ग्लास, त्याचं झाकण नीट बसलेलं नाही, समोर गतिरोधक, आणि आमची ताई गतिरोधकावरून गाडी अशी नेते की जणू त्याच्याशी तिचं जुनं भांडण आहे. अर्धा ग्लास सरळ स्टिरिओच्या तोंडात. त्याने एकदा 'फुस्स' केलं, त्याच्यावरचे हिरवे आकडे सगळे आठ-आठ-आठ झाले, आणि अंधार.

"गेला," ताई म्हणाली.

"बेशुद्ध असेल गं, उन्हात ठेवू."

"तुलाच ठेवते उन्हात."

आता तुम्ही म्हणाल, स्टिरिओच ना, गाणी नाही ऐकली तर काय जीव जातो? इथेच तर सगळी गोम आहे. त्या स्टिरिओवर गाणी कधी लागलीच नाहीत! त्याचं स्टेशन बदलायचं बटण केव्हाच तुटलेलं. नदीच्या पुलावर गाडी आली की कोणीतरी हवामान सांगायचं, तेही दोन वाक्यं, आणि बाकी सगळा वेळ नुसती खरखर. आणि त्या खरखरीवर सरकार झोपायचं.

सरकार म्हणजे माझी भाची. वय सात महिने. नाव मी ठेवलंय, कारण सगळं घर तिच्या मर्जीवर चालतं, निर्णय कधी फिरेल सांगता येत नाही, आणि तक्रार करायला जावं असं ठिकाणच नाही. जन्मल्यावर हॉस्पिटलमधून घरी आणताना तिने नुसता आकांत मांडला होता. भावोजींचा हात चुकून स्टिरिओ चालू करायच्या बटणाला लागला, खरखर सुरू झाली, आणि पोर जी झोपली ती घरी येऊन पाळण्यात ठेवलं तरी झोपलेलीच. तेव्हापासून त्या बटणाला हात लावायची कोणाची छाती नाही. खरखर चालू असली की सरकार दोन-दोन तास गाडीत झोपणार. बंद झाली की पाच मिनिटांत रडून जांभळं.

आणि मी कॉफी सांडली तो दिवस मंगळवार. पुढच्या सोमवारी साडेदहाला ताईची मुलाखत! दुसऱ्या गावात, गाडीने अडीच तास. तिथल्या मोठ्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा निघालीय, एकच. ताई ज्या शाळेत पुस्तकं सांभाळायची ती शाळाच बंद पडली, त्याला झाली तीन वर्षं. तीन वर्षं बाई घरातलीच पुस्तकं लावतेय. मसाल्याचे डबेसुद्धा आमच्याकडे विषयवार आहेत. भावोजी जहाजावर, म्हणजे समुद्रात कुठेतरी. सरकारला आईकडे ठेवून जावं, तर सरकार बाटलीला तोंड लावत नाही. म्हणजे सरकारला नेणं आलं. आणि अडीच तास रडणारं पोर मागे घेऊन गाडी चालवली की ताई मुलाखतीच्या खोलीत पोचेल ती थेट स्ट्रेचरवर.

"मी भरते स्टिरिओचे पैसे," मी म्हणाले. झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून राहून पायाचे तुकडे पाडून घेतलेत मी, त्यातले साडेतीन हजार होते.

"भरशीलच," ताई म्हणाली. "पण आधी फुकटातलं काही होतंय का बघू."

मग आम्ही फोनवर पावसाचा आवाज लावून बघितला. सरकारला शू झाली. समुद्राच्या लाटा लावल्या, तर ती डोळे वटारून प्रत्येक लाटेची वाट बघत बसली, झोप राहिली बाजूला. मग मी शहाणपणा केला. शेजारच्या आजोबांचा रेडिओ आणला, स्टेशनांच्या मधे काटा ठेवला, तीन मिनिटं खरखर फोनवर घेतली आणि छोट्या स्पीकरवर तीच ती परत परत लावली. आणि चाललं की! डोळे मिटायला लागले. मी ताईकडे असं बघितलं की जणू आगीचा शोध मीच लावलाय. तीन मिनिटं संपली, रेकॉर्डिंग पहिल्यापासून लागायच्या आधी मधे एवढीशी शांतता आली, चुटकीएवढी, आणि सरकार ताडकन जागं! परत तीन मिनिटं, परत चुटकी, परत भोंगा. अकरा वेळा केलं आम्ही. अकराव्या वेळी त्या चुटकीला मीसुद्धा दचकले.

"नको," ताई म्हणाली. "हे असं ऐकत गाडी चालवली तर मी झाडावर नेईन. खरा स्टिरिओ बघू."

शुक्रवारी गेलो शोरूममध्ये. काचेचं दार, आत एसी, आणि गाडीच्या डिकीएवढाले टचस्क्रीन. आमच्या गाडीतली खाच जुन्या पद्धतीची, आडवी, विटेएवढी. टाय लावलेला एक मुलगा आला आणि त्याने आधी आमच्याकडे, मग बाहेरच्या गाडीकडे, मग परत आमच्याकडे बघितलं.

"बजेट काय मॅडम?"

"साडेतीन हजार," मी म्हणाले.

"साडेतीनमध्ये..." तो अगदी हळवा झाला बिचारा. "साडेतीनमध्ये जुन्या स्टॉकमधला एक पीस आहे. आपल्या खाचेत बसेल. ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, सगळं आहे."

"रेडिओ लावा," ताई म्हणाली. त्याने लावला. झकास आवाज. "आता जिथे स्टेशन नाही तिथे न्या."

तो जरा थबकला, पण नेलं. एकदम चिडीचूप.

"बघा!" तो खुलला. "स्टेशन नसलं की सेट स्वतःहून आवाज बंद करतो. अजिबात खरखर नाही!"

ताईचा चेहरा पडला. "अजिबात नाही?"

"शून्य, मॅडम."

"थोडीसुद्धा?"

"गॅरंटी देतो."

"म्हणजे तुमच्याकडे सगळेच असे?"

"सगळेच!" त्याला वाटलं बाई भारावून गेल्यात. आम्ही "बरं बघतो" म्हणून बाहेर पडलो, तर तो दारापर्यंत सोडायला आला. त्याला काय माहीत, त्याने आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

शनिवारी शेवटचा उपाय. गॅरेजांच्या रांगेत एक दुकान आहे, एवढंसं, तिथले काका कानावर पेन ठेवावं तसा स्क्रूड्रायव्हर ठेवतात. भिंतीवर एक फळी, तिच्यावर अठरा स्टिरिओ ओळीने लावलेले, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला बटण. दाबलं बटण की तो बोलणार. या वेळी आम्ही सरकारलाच घेऊन गेलो. म्हटलं, ज्याला वापरायचंय त्यानेच पसंत करावं.

"कसा हवाय?" काका म्हणाले.

"ज्याचा रेडिओ सगळ्यात जास्त खरखरतो तो," ताई म्हणाली.

काकांनी कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि टेबलावर ठेवला. भांडणाआधी माणूस चष्मा काढून ठेवतो ना, तसा.

"बाई, तीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांतली खरखर काढतोय. तीस वर्षं! आणि तुम्ही मला..."

मग मी सगळं सांगितलं. एका दमात. कॉफी, गतिरोधक, मुलाखत, चुटकी. काका ऐकत होते आणि सरकार त्यांची किमतींची यादी खात होतं.

"हां," काका म्हणाले. आवाज एकदम निवळला. "आमची धाकटी मिक्सरच्या आवाजावर झोपायची. तीन मिक्सर जाळले मी. आधी नाही का सांगायचं!"

आणि जे कामाला लागले! चार नंबर लावला, तो शोरूमवाल्यासारखाच निघाला, स्टेशन गेलं की मौनव्रत. सात नंबरची एरियलची वायरच काढून टाकली, तर त्यातून बारीक 'सीऽऽ' असं यायला लागलं. सरकारने नाक आक्रसलं.

"पातळ आहे," ताई म्हणाली.

"पातळ आहे," काका पण म्हणाले, आणि मान हलवली. अकरा नंबर इतका गुरगुरला की सरकारने भोकाड पसरलं. चौदा नंबर खरखरायचा, पण थांबून थांबून, विचार करून बोलल्यासारखा. सोळा, सतरा, अठरा. संपली फळी. ताई सरकारला खांद्यावर घेऊन थोपटत होती आणि तिचं तोंड इतकं उतरलं होतं ना, की मला त्या कॉफीच्या ग्लासात बुडून जीव द्यावासा वाटला.

"उद्या रविवार," ती म्हणाली. "दुकानं बंद. राहू दे. मी फोन करून सांगते त्यांना, नाही जमत म्हणून."

"ताई!"

"अगं मग काय करू? रडवत नेऊ तिला?"

 काहीतरी मनात होतं काकांच्या, पण बोलायची लाज वाटत होती असं तोंड. शेवटी त्यांनी टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला आणि त्यातून एक स्टिरिओ काढला. त्याच्यावर नावसुद्धा नाही, नुसता एक बाण काढलेला.

"हा तीनदा विकला आणि तीनदा परत आला," ते म्हणाले. "गिऱ्हाईकांनी ऐकवलंय मला याच्यापायी. भंगारात द्यायचा, पण मन होत नाही."

त्यांनी तो वायरींना जोडला आणि बटण फिरवलं.

खऽऽऽऽऽर.

काय सांगू तुम्हाला! ताईने माझा दंड असा धरला की अजून वळ आहे. तीच! तीच ती खरखर, जरा जाडसर, जरा उबदार, मधे तुटायचं नाव नाही. सरकारचं रडणं अर्ध्यात अडकलं. तोंड उघडंच, आवाज बंद. मग पापण्या. मग मान. मग सगळं सरकारच कोसळलं ताईच्या खांद्यावर, लाळेसकट.

आम्ही तिघं श्वास रोखून उभे.

"किती?" ताईने कुजबुजत विचारलं.

"याचे पैसे कुठल्या तोंडाने घेऊ?" काका पण कुजबुजत. "आणि मी हा विकणार नाही. चौथ्यांदा नाही. उद्या कोणी तुमच्या गाडीत बसलं आणि म्हणालं, कुठून घेतला हा खटारा, तर माझं नाव येईल."

"मी नाही सांगणार नाव."

"लिहून द्या."

खरंच लिहून घेतलं! बिलाच्या मागच्या बाजूला ताईने उभ्याउभ्या, एका हाताने पोर सावरत लिहिलं: 'खरखर ग्राहकाच्या मागणीवरून देण्यात आली आहे.' खाली सही. पण आमची ताई ती ताई. सही करून पेन परत देईना.

"आता तुम्ही लिहा," ती म्हणाली. "सहा महिन्यांत खरखर बंद झाल्यास मोफत दुरुस्ती."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग पोराकडे बघितलं, आणि लिहिलं.  शेवटी बसवणावळीसकट हजारावर तुटलं. आणि एकदा लिहून दिल्यावर त्या माणसाला असा हुरूप चढला, म्हणे मागच्या डाव्या दारातला स्पीकर फाटलाय, आवाज फडफडेल, तो बदलून घ्या, माझ्याकडे वापरलेला चांगला आहे. म्हटलं, बदला. दोन्ही मिळून पैसे उरले, याचंच मला नवल.

पण अडचण पुढे होती. स्टिरिओ फळीवरून काढून गाडीत बसवायचा. म्हणजे तेवढा वेळ खरखर बंद! आणि सरकार आत्ता झोपलंय, गाडीतल्या त्याच्या खुर्चीत ठेवलंय, मागची दारं उघडी. जागं झालं तर शनिवार संपेपर्यंत परत झोपणार नाही आणि आम्हाला कळणारच नाही गाडीत हा स्टिरिओ चालतो की नाही.

काकांनी एक बोट वर केलं. थांबा, अशी खूण केली. मोठा श्वास घेतला. आणि एका हाताने स्टिरिओ बंद करता करता तोंडाने सुरू झाले: "खऽऽऽऽऽऽ..."

देवाशपथ! साठीचा माणूस, चष्मा नाकावर, तोंडाने खरखर करत दुकानातून गाडीपर्यंत चालत आला. मान डॅशबोर्डच्या खाली घातली, पिवळी वायर पिवळीला, काळी काळीला, आणि खालून आवाज येतोय, खऽऽऽ. श्वास संपत आला की माझ्या चपलेवर टकटक करायचे, मग मी सुरू. खऽऽऽऽऽ. मी दमले की ताई. वीस मिनिटं! शेजारच्या गॅरेजवाला हातात टायर घेऊन बघत उभा राहिला.

"काय झालं यांना?" त्याने मला विचारलं.

मी खरखर करत हातानेच सांगितलं, नंतर सांगते. तो बिचारा टायर घेऊन दोन पावलं मागे सरकला.

शेवटचा स्क्रू बसला, काकांनी बटण फिरवलं आणि चारही दारांतून ती भरदार खरखर आली. काकांचा घसा पार गेला होता. तरी ऐकत उभे राहिले, मान तिरकी करून, मग अजून एक बटण केसभर फिरवलं.

"जरा टोचत होती," ते म्हणाले. "आता ऐका. लोणी."

सरकारने झोपेतच ओठ चोखले.

सोमवारी सकाळी पावणेआठला निघालो. ताई स्टिअरिंगवर, मी मागे सरकारच्या शेजारी, खरखर जोरात, सरकार गाढ. आणि माझ्या हातात प्रश्नांची यादी. ताईने स्वतःच काढलेले प्रश्न, छत्तीस.

"विचार!" ताई म्हणाली. पण चार स्पीकरांच्या त्या खरखरीत तिला माझं काही ऐकू येईना, मला तिचं येईना. मग काय, आवाज चढवले.

"तुम्ही ही जागा का निवडली?" मी ओरडले.

"कारण पुस्तकं ही माझी," ताई गर्जली, "लहानपणापासूनची आवड आहे!"

"हरवलेल्या पुस्तकाचं काय कराल?"

"आधी! शेजारच्या! कपाटात! बघेन!"

सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने हेल्मेट काढून आत बघितलं. अडीच तास, छत्तीस प्रश्न, दोनदा उजळणी. सरकार हललंसुद्धा नाही. पुस्तकांच्या वर्गवारीवर ताई इतकी तापली की गाडीचा हॉर्न तिच्या हाताखाली आपोआप वाजला.

साडेदहाला दहा कमी असताना वाचनालयाच्या अंगणात पोचलो. ताईने सरकारला पाजलं, ढेकर काढला, केस नीट केले. चेहरा कसा टवटवीत! म्हणाली, "तू इथेच थांब बाहेर, बाकावर," आणि आत गेली. मुलाखत तळमजल्यावरच होती. खिडक्या उघड्या. शेजारीच वाचनकक्षाचा दरवाजा, त्यावर हा एवढा फलक: शांतता राखा. आत तीस-चाळीस माणसं माना खाली घालून वाचतायत. पान उलटलेलं ऐकू येत होतं.

आणि त्या शांततेत मला बाहेर, बाकावर, स्पष्ट ऐकू आलं:

"कारण पुस्तकं ही माझी लहानपणापासूनची आवड आहे!!"

 ताई अजून गाडीतच होती! म्हणजे ती खोलीत होती, पण आवाज गाडीतला. अडीच तास तिच्या कानात खरखर, बिचारीला कळतच नव्हतं आपण किती ओरडतोय ते. मी खिडकीतून हात हलवले, तोंडावर बोट ठेवलं, हळू, हळू! तिने माझ्याकडे पाठ केलेली. आत तीन जण बसले होते, मधे एक पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी खुर्ची हळूच मागे सरकवली.

मग त्यातल्या एका गृहस्थांनी काहीतरी विचारलं. ते मला ऐकू आलं नाही, पण पुढे ताईनेच सांगितलं: "वाचनकक्षात कोणी मोठ्याने बोलत असेल तर तुम्ही काय कराल?" हा आमच्या यादीतला एकोणिसावा प्रश्न.

"मी! त्यांच्याजवळ! जाऊन! अत्यंत! नम्रपणे! म्हणेन!" ताई म्हणाली. "कृपया! शांतता! राखा!!"

वाचनकक्षात खुर्च्या सरकल्या. एका आजोबांचा चष्मा पडला. कोपऱ्यात दोन मुली इतका वेळ कुजबुजत होत्या, मी बघत होते ना, त्या दोघी अशा ताठ बसल्या आणि एकीने तर हातातलं पेनसुद्धा खाली ठेवलं, वाजू नये म्हणून. पान उलटायचंही बंद. अख्ख्या वाचनालयात टाचणीसुद्धा पडायला धजेना.

पांढऱ्या केसांच्या बाई उठल्या. दारापर्यंत आल्या, वाचनकक्षात डोकावल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग त्या दोन मुलींकडे बघितलं. मग परत जाऊन खुर्चीत बसल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आणखी चार उमेदवार होते. सगळे हळू बोलले असणार, मला एकाचाही शब्द ऐकू आला नाही. ताई बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली, घसा बसलेला.

"कशी झाली?" मी विचारलं.

"मस्त. पण ती माणसं सारखी मागे का सरकत होती गं?"

"ताई, तू ओरडत होतीस."

"मी?" ती ओरडली.

मग तिचं तिलाच ऐकू आलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाऊण तास आम्ही तशाच बसलो.  सरकार मांडीवर आडवं, पोट भरलेलं म्हणून खरखरीशिवायच झोपलेलं. म्हटलं, पोर झोपवलं आणि नोकरी घालवली. माझंच डोकं, माझीच कॉफी.

शेवटी शिपाई आला आणि ताईला आत बोलावून घेऊन गेला. मी खिडकीकडे बघितलंच नाही. देवाला म्हटलं, काय ते एकदाचं होऊ दे. पाचच मिनिटांत ताई आली, हातात लिफाफा, आणि चालताना पाय जमिनीला लागत नव्हते.

"त्या बाई म्हणाल्या," तिने अगदी हळू, घोगऱ्या आवाजात सांगितलं, "चार वर्षांत त्या दोन मुली पहिल्यांदा गप्प बसलेल्या बघितल्या. एक तारखेपासून रुजू व्हा."

आता यावर मी काय केलं असेल? तुम्हीच सांगा, तुम्ही असतात तर काय केलं असतं? मी किंचाळले! बाकावरून उठून, दोन्ही हात वर करून, जेवढा घसा शिल्लक होता तेवढ्या सगळ्या घशाने.

सरकारने डोळे उघडले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खरखर नाही. मग त्याने श्वास आत घेतला, खोल, सावकाश, आणि मी आणि ताई एकमेकींकडे बघेपर्यंत असा काही भोंगा लावला की वाचनालयाच्या सगळ्या खिडक्या एकेक करून आतून बंद झाल्या.